सातव्या प्रश्नानंतरचं मिनिट

भुईगावात व्हिन्सेंट सरांचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. चर्चच्या माईकवरून तो निघाला की वाड्यांमधून थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत पोचतो, असं लोक म्हणतात, आणि सरांनी हे कधी नाकारलेलं नाही. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सणाचं वाचन असो की मयताची प्रार्थना, माईकपाशी तेच. माणूस चांगला. फक्त आपण चांगले आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक.

सरांची खास मक्तेदारी म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार. संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपली की ते आत्मपरीक्षणाचे प्रश्न वाचत. ईस्टरआधी कन्फेशनला, फादरांपुढं पापं कबूल करायला, जायचं तर आधी आपलं मन तपासायला हवं, त्यासाठी हे बारा प्रश्न सरांनीच बावीस वर्षांपूर्वी लिहिले होते आणि लॅमिनेट करून घेतले होते. प्रश्न वाचायचा, थांबायचं, लोकांनी मान खाली घालून स्वतःच्या आत बघायचं, मग पुढचा प्रश्न. त्या प्रश्नांनी भल्याभल्यांना रडवलं होतं. बांधावरून अबोला धरलेले दोन शेजारी एकदा एकाच बाकावर येऊन बसले, तेव्हा ते श्रेय गावानं सरांना दिलं आणि सरांनी ते घेतलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बायकोला, लूर्डसबाईंनाही माहीत नव्हती. त्या थांबण्यात सर मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजत. दहा झाले की पुढचा प्रश्न. बावीस वर्षं अख्खं गाव स्वतःच्या आत बघत होतं आणि सर आकडे मोजत होते. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. कुणीतरी वेळ सांभाळायलाच हवी, आणि ती आपल्याशिवाय कोण सांभाळणार, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे.

यंदा घोळ घातला तो नव्या फादरांनी. फादर व्हॅलेरियन गेल्या जूनमध्ये बदलून आले, वयानं सरांच्या विद्यार्थ्यांएवढे, बोलायला मऊ. उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी ते सरांना म्हणाले, "सर, प्रश्न सुंदर आहेत. फक्त प्रत्येक प्रश्नानंतर पूर्ण एक मिनिट थांबाल का?"

"मिनिट? फादर, लोक झोपतील."

"झोपू देत. जे जागे राहतील त्यांच्यासाठी थांबू."

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. पण डोळ्यांवर वाचायचा चष्मा, समोर माईकचा दांडा, आणि त्या मिणमिणत्या उजेडात सेकंदकाटा काही दिसेना. मनात साठपर्यंत मोजायला घेतलं तर पस्तीस-चाळीसच्या आसपास आकडे हातातून सुटायचे. मग मधल्या वेळात करायचं काय? सरांनी पंखे बघितले. फुलदाण्या बघितल्या. कुणाचा मुलगा कुठल्या बाकावर झोपलाय ते बघितलं. सहा प्रश्न असे निभावले.

सातवा प्रश्न होता, 'माझ्यामुळे कुणाचा मार्ग अडला आहे का?' तो वाचून सरांनी मान वर केली, तर बाजूच्या दारातून बाहेर चिंचेखाली त्यांना गॉडफ्रे दिसला.

गॉडफ्रे त्यांचा धाकटा भाऊ. साठ वर्षांचा, सोनचाफा आणि तगरीची वाडी करणारा, लहानपणापासून बोलताना अडखळणारा. दर शनिवारी आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची, फुलं तोच आणतो, पण मिस्सा असो की दुसरी प्रार्थना, ऐकतो ती बाहेर, चिंचेखाली उभा राहून. पाऊस असला तर छत्री घेऊन, पण बाहेरच. गाव त्याला चर्चचा वॉचमन म्हणतं आणि तोही हसतो. इतकी वर्षं तो तिथं उभा होता की सरांना तो चिंचेचाच भाग वाटत असे. आज मिनिटभर दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मनात सहज आलं, हा तिथं कधीपासून उभा राहायला लागला?

उत्तर आलं तेव्हा सरांना आठवा प्रश्न वाचायचं भानच राहिलं नाही. फादर खाकरले तेव्हा ते भानावर आले. पुढचे प्रश्न त्यांनी कसे वाचले ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर सरांचा पाय एका जागी ठरेना. पाणी प्यायले, पेला ठेवला, पुन्हा उचलला. ओट्यावर गेले, आत आले. शेवटी लूर्डसबाई वैतागल्या. "अहो, बसा तरी एका ठिकाणी. जेवणाचं ताट निवतंय."

"लूर्डस, त्या सणाची गोष्ट तुला सांगितली होती ना? गॉडफ्रेची?"

ती गोष्ट लूर्डसबाईंनी लग्नापासून किमान शंभरदा ऐकली होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला गॉडफ्रेला बायबलचं वाचन मिळालं होतं. बारा वर्षांचा पोरगा, महिनाभर रोज वाडीत जाऊन केळींना वाचून दाखवत होता. सणाच्या दिवशी चार ओळी सुरेख वाचल्या आणि 'परमेश्वर' या शब्दाशी अडकला. प… प… म्हणत उभा. मागच्या बाकावर पोरं खिदळायला लागली. तेव्हा एकोणीस वर्षांचे व्हिन्सेंट उठले, पुढं गेले, भावाच्या हातातून पुस्तक घेतलं आणि उरलेलं वाचन खणखणीत पुरं केलं. सगळ्यांनी वाहवा केली. त्या दिवसापासून वाचन त्यांच्याकडे आलं. धाकट्या भावाला भर चर्चमध्ये फजितीतून वाचवलं, ही सरांच्या आयुष्यातली पहिली मोठी चांगली गोष्ट, आणि शाळेतल्या निरोपसमारंभातही ती त्यांनी सांगितली होती.

आज मात्र ती सांगता सांगता त्यांनी मध्येच विचारलं, "तो अडकला होता ना गं? तू होतीस तिथं."

लूर्डसबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "होते. सोळा वर्षांची होते, तिसऱ्या बाकावर. अडकला होता, पण थांबला नव्हता. श्वास घेत होता तो."

"म्हणजे?"

"म्हणजे श्वास घेत होता. शब्द यायच्या बेतात होता. तुम्ही आधीच पोचलात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा मध्ये बोलायला जागा कुठं असते?" असं म्हणून त्यांनी आमटी वाढली. सर तसेच न जेवता उठले. बायकोचा राग आला होता, आणि तो राग खरा नाही हेही कळत होतं, त्यामुळं तो धड काढताही येईना.

रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग होता. मे महिन्यात मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन पहिल्यांदा घेण्याचा सोहळा, त्यातली कामं वाटायची होती. "वाचन कोण करणार?" असं सरांनी विचारल्यावर पहिला हात वर गेला तो टिफनीचा. नऊ वर्षांची टिफनी म्हणजे गॉडफ्रेचीच नात, त्याच्या मुलाची, मर्विनची, मुलगी. आजोबांची जीभ घेऊनच जन्माला आली होती. हात वर करून ती म्हणाली, "म… म… मी, सर."

सर तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाळा, तू फुलं घेऊन ये हं. फुलं तुझ्या हातात शोभतील. वाचन ॲनी करील."

टिफनीनं हात खाली घेतला. रडली नाही, रुसली नाही. फक्त हात खाली घेतला आणि बाकाखाली दडवला.

घरी जाताना अर्ध्या वाटेत सरांचे पाय थबकले. हे वाक्य त्यांनी आधीही म्हटलं होतं. सणाची मिस्सा संपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, बारा वर्षांच्या भावाच्या डोक्यावर असाच हात ठेवून: 'तू फुलांचं बघ हं. वाचनाचं मी बघतो.' आणि गॉडफ्रे अठ्ठेचाळीस वर्षं फुलांचं बघत होता.

त्यानंतरचे दिवस सरांनी नुसते घालमेलीत काढले. सकाळी किनाऱ्यावर फिरायला जात ते तासाऐवजी दोन-दोन तास चालत, सुरूंच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरत आणि परत फिरल्यावर पुन्हा उलटे वळत. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणे, पोरं हसली असती, जन्मभराचा डाग बसला असता, मी वाचवलं. दुसरा नुसता विचारे, कुणाला वाचवलंस? आणि या दुसऱ्याचा आवाज माईकवरचा नव्हता, हळू होता, म्हणून तो जास्त ऐकू येई. मग सरांना आठवलं, की पोरं हसली तेव्हा आपले कान तापले होते. गॉडफ्रेचे नव्हे, आपले. मागून कुणीतरी 'व्हिन्सेंटचा भाऊ' असं म्हटलं होतं. तो शब्द इतकी वर्षं गोष्टीत कधी आलाच नव्हता. लाज आपल्याला वाटली होती, आणि आपण तिला दया म्हणत आलो. हे लक्षात आलं तेव्हा सर वाळूत मटकन बसले आणि शेजारून जाणाऱ्या बाईनं "सर, बरं नाही का?" असं विचारलं.

लॅमिनेट केलेला कागदही त्यांना छळू लागला. बारा प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आपण कधी दिलेलं नाही, हे त्यांना कळलं होतं. बाराच्या बारा दुसऱ्यांसाठी लिहिलेले. चौथा एका शेजाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून, नववा मेव्हण्याला. सातवा कुणासाठी लिहिला होता ते मात्र काही केल्या आठवेना.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ते कन्फेशनला गेले. सरांची पापं ठरलेली होती: राग, आळस, प्रार्थनेत लक्ष नसणं, कधीमधी एखादं किरकोळ खोटं. दोन मिनिटांचं काम. यंदा गुडघे टेकले आणि ती यादी तोंडात येईना. "फादर, मी… माझ्या भा… माझ्या भावाचा…" सर अडखळले. वाक्य पुढं जाईना. गावभर पोचणारा तो आवाज मधल्या जाळीपलीकडं, हातभर अंतरावरच्या फादरांपर्यंत पोचत नव्हता. सरांना वाटलं, फादर आता मदत करतील, पुढचा शब्द सुचवतील. फादर गप्प बसून राहिले. त्या गप्प बसण्याचा सरांना आधी राग आला, आणि मग, बऱ्याच वेळानं, सगळं बाहेर आलं.

"क्षमा मी देवाच्या नावानं देतो," फादर म्हणाले. "पण त्या दिवशी तो पुढं वाचणार होता की नाही, हे मला कसं माहीत असणार? ज्याला माहीत आहे तो चिंचेखाली उभा असतो."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर भावाच्या वाडीत गेले. गॉडफ्रे लांब काठीच्या आकडीनं चाफा काढत होता, टोपली अर्धी भरली होती. सरांनी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, ती सगळी दारातच सांडली.

"गॉडफ्रे, त्या सणाच्या दिवशी… मी पुस्तक घेतलं तुझ्या हातातून. तू पुढं वाचणार होतास का?"

गॉडफ्रेनं आकडी खाली टेकवली. "अ… अठ्ठे…"

"अठ्ठेचाळीस वर्षांनी विचारतोय, कळतंय मला, पण…"

गॉडफ्रेनं हात वर केला. त्याच क्षणी सरांना कळलं की भावाचं वाक्य आपण आत्ताही पुरं केलं. जन्मभर पुरं करत आलो. घरच्या जेवणात, बाजारात, आईच्या मयताच्या दिवशीसुद्धा. गॉडफ्रेनं सुरू केलेलं आणि गॉडफ्रेनंच संपवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"माझं उ… उत्तर यायला वेळ लागतो, दादा," गॉडफ्रे म्हणाला. "थ… थांबशील?"

सर थांबले. ते थांबणं किती जड होतं ते सांगून कळायचं नाही. गॉडफ्रेचे ओठ हलत, शब्द अर्ध्यात येई आणि परत जाई, आणि सरांच्या जिभेवर तो अख्खा तयार असे. त्यांनी चाफ्याच्या खोडाला हात घट्ट धरला. आकडे मोजायचा मोह झाला, तोही आवरला.

"येत होता," गॉडफ्रे म्हणाला. "शब्द येत होता. ओ… ओठावर होता. अजून थोडा थांबला असतास."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही बोलणार इतक्यात गॉडफ्रेनं पुन्हा हात वर केला, कारण त्याचं संपलं नव्हतं.

"मी बाहेर उभा राहतो तो र… रुसून नाय. पहिली दोन वर्षं रुसून होतो. मग तू वाचायला लागलास की मी तुझ्याबरोबर वाचायला लागलो. हळू. बाहेर कुणाला ऐकू नाय जात. दुसऱ्याबरोबर वाचलं ना, की माझं अ… अडत नाय. एक शब्द नाय अडत. तुझे ते बारा प्रश्नपण पाठ हायत मला."

"म्हणजे माझ्या वाचनाचा तुला…"

"त्यात तुझे उ… उपकार नाय," गॉडफ्रे शांतपणे म्हणाला. "तू नुसता आवाज. वाचतो मी." आणि त्यानं आकडी उचलून पुढचं फूल काढलं. थोड्या वेळानं, पाठमोराच, म्हणाला, "टिफनी रोज वाचते केळींना. म… माझ्यासारखी. ती म्हणाली, वाचन ॲनीला दिलं. मी म्हटलं, फुलं आणू आपण."

सर तिथून तडक मर्विनच्या घरी गेले. टिफनी ओट्यावर बसून पेरू खात होती. "वाचन तुझं," सर म्हणाले, "ॲनी प्रार्थना म्हणेल." टिफनीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. "आणि फ… फुलं?" "फुलं मी आणीन," सर म्हणाले, आणि तिच्या डोक्याकडे गेलेला हात त्यांनी मध्येच मागं घेतला.

कम्युनियनच्या दिवशी चर्च भरून वाहत होतं. सरांनी आल्तारावर सोनचाफा ठेवला. फुलदाणी एकीकडं कलली, कारण हे काम त्यांना येत नव्हतं. मग ते पहिल्या बाकावर बाजूच्या दाराजवळ बसले. लूर्डसबाई शेजारी होत्या. पांढऱ्या झग्यातली टिफनी पुढं गेली, टाचा उंचावून तिनं माईक खाली ओढला आणि वाचायला लागली. पहिली ओळ सरळ. दुसरीत थोडी अडली, सावरली. तिसऱ्या ओळीत तो शब्द आला.

"प…" टिफनी म्हणाली. "प…"

चर्च शांत झालं. मागं कुणीतरी खाकरलं. आणि मग बाकाबाकांवरची डोकी सरांकडे वळली. सगळ्यांना माहीत होतं की आता सर उठतील. आणि सर उठले.

त्यांनी ठरवलं नव्हतं. गुडघ्यांनीच ठरवलं. दोन महिने किनारा तुडवला, रडले, भावासमोर खोड धरून उभे राहिले, आणि तरी पाय उठलेच. जिभेवर शब्द तयार होता, खणखणीत, पूर्ण. समोर माईक, दहा पावलांवर. लूर्डसबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं की धरायच्या बेतात होत्या, ते त्यांना कळलं नाही. सर वळले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले.

चिंचेखाली गॉडफ्रे उभा होता. डोळे मिटलेले, हात बांधलेले, ओठ त्या एकाच अक्षरावर थांबलेले. पावलांचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले.

"प… पळून आलास?"

"हो," सर धापा टाकत म्हणाले. "आत असतो तर वाचलं असतं."

गॉडफ्रेनं त्यांच्याकडे बघितलं. साठ वर्षांत भावानं त्याला सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य असावं, कारण त्याला हसू आलं नाही. तो थोडा सरकला आणि सावलीत जागा करून दिली. आत अजून शांतताच होती. सरांनी ओठ दातांखाली धरले. ती शांतता दहा आकड्यांची नव्हती, मिनिटाचीही नव्हती, ती टिफनीची होती.

"गॉडफ्रे, तिला जमेल ना? ती जर…"

"गप रे," गॉडफ्रे म्हणाला, एकदाही न अडखळता. "ऐकू दे."